मेरी पिकफोर्ड : सोनेरी बटांआडची मालकीण

कॅनडातील टोरांटो शहरात, प्रिन्सेस थिएटरमध्ये 1900 साली ग्लॅडिस स्मिथ, म्हणजे पुढे मूकपटांची तारका झालेली मेरी पिकफोर्ड, प्रथम रंगमंचावर उभी राहिली, तेव्हा तिला आठवे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यामागे हौस नव्हती, गरज होती. दोन वर्षांपूर्वी वडील वारले होते, पदरी तीन लेकरे असलेली आई शार्लट घरात भाडेकरू ठेवून संसार रेटत होती, आणि मुलींना नाटकात पाठवावे हे सुचवले तेही नाटक कंपनीत काम करणाऱ्या अशाच एका भाडेकरूने. पुढची काही वर्षे हे कुटुंब फिरत्या कंपन्यांबरोबर आगगाडीने गावोगाव हिंडले. ग्लॅडिसची शाळा जवळजवळ झालीच नाही; व्यवहार मात्र ती पक्का शिकली.

1907 मध्ये ब्रॉडवे या न्यूयॉर्कच्या नाट्यपेठेतील मातबर निर्माते डेव्हिड बेलास्को यांनी तिला भूमिका दिली आणि मेरी पिकफोर्ड हे नावही दिले. दोनच वर्षांनी ती बायोग्राफ या चित्रपट कंपनीत दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्याकडे गेली. नाटकवाले सिनेमाला तेव्हा हलका धंदा समजत. तरीही, किंबहुना म्हणूनच, सतरा वर्षांच्या या मुलीने पाच डॉलरच्या रूढ रोजाऐवजी दहा डॉलर मागितले आणि ते मिळवले. कंपनी नटांची नावे पडद्यावर देत नसल्याने प्रेक्षक तिला सोनेरी बटांवरूनच ओळखत.

या बटांनी तिला लहानपणातच अडकवून ठेवले. 1917 च्या ‘द पुअर लिटल रिच गर्ल’मध्ये पंचविशीला टेकलेली मेरी दहा-अकरा वर्षांची मुलगी झाली आहे. उंची जेमतेम पाच फूट, त्यात खुर्च्या आणि दारे मुद्दाम मोठी बनवलेली, त्यामुळे ती त्यांच्यापुढे खरोखरच चिमुकली दिसते. 1921 च्या ‘लिटल लॉर्ड फाँटलरॉय’मध्ये तर मुलगाही तीच आणि त्याची आईही तीच. छायालेखक चार्ल्स रोशर यांनी एकच फिल्म दोनदा चित्रित करून आईला मुलाची पापी घेताना दाखवले. पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या या दृश्यासाठी कित्येक तास खपावे लागले.

पण तिची खरी कर्तबगारी करारांच्या कागदांत आहे, असे आम्हाला वाटते. 1916 मध्ये चित्रपट निर्माते अॅडॉल्फ झुकोर यांच्याकडून तिने आठवड्याला 10,000 डॉलर आणि नफ्यात निम्मा वाटा कबूल करून घेतला. 1919 मध्ये चार्ली चॅप्लिन, अभिनेते डग्लस फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्यासह तिने युनायटेड आर्टिस्ट्स ही वितरण कंपनी उभारली.

बोलपटांनी तिला संपवले, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. 1928 मध्ये, आईच्या निधनानंतर काही महिन्यांतच, तिने त्या बटा कापल्या, तेव्हा वर्तमानपत्रांत ती मोठी बातमी ठरली. पुढल्याच वर्षीच्या ‘कोकेट’ या तिच्या पहिल्या बोलपटाने तिला ऑस्कर मिळवून दिले. प्रेक्षकांना हवी होती ती छोटी मेरी, आणि चाळिशीजवळ आलेल्या मेरीला तेच नको होते. 1933 चा ‘सीक्रेट्स’ हा तिचा शेवटचा चित्रपट. युनायटेड आर्टिस्ट्समधला हिस्सा तिने विकला तो 1956 साली. तोवर पडद्यावरचे काम थांबून तेवीस वर्षे झाली होती.