कात्रणांचं टेबल कव्हर, गोधडीच्या टाक्याने

नमस्कार मंडळी! ही पिशवी बघा, ह्यात आमच्या टेलरकडची कात्रणं, माझ्या जुन्या कुर्त्यांचे तुकडे, ब्लाउजपीस, सगळं कोंबलंय, आणि आज ह्यातूनच टेबल कव्हर करायचंय. एक मीटरसुद्धा नवीन कापड आणायचं नाही, दोरा तेवढा आणा.

आधी पिशवी निवडायला बसा. कॉटन एकीकडे, बाकी सगळं दुसरीकडे. खणाचा तुकडा, सिल्कचा काठ दिसायला भारी वाटतो, मान्य आहे, पण धुतल्यावर कॉटन आणि ते सारखं आटत नाही, मग सगळीकडे चुण्या पडतात. म्हणून कॉटन सगळं आधीच धुऊन घ्यायचं. लाल आणि गडद निळ्याचं काही खरं नसतं, पांढरा रुमाल ओला करून त्यावर घासून बघा, रंग लागला तर तो तुकडा बाजूला.

आता 5 इंचाचे चौकोन कापा. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून माप करून ठेवा, प्रत्येक वेळी पट्टी कोण लावत बसणार. पाव इंच शिलाईत सगळ्या बाजूंनी जातं, म्हणजे चौकोन उरतो साडेचारचा, एका ओळीत 8 आणि अशा 8 ओळी, एकूण 64 तुकडे, तयार होतं 36 इंच. चौघांच्या टेबलाच्या मध्यभागी मस्त बसतं. मशीनवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला धरूनच चालवा. तुम्ही म्हणाल एवढ्याशा फरकाने काय होतंय, पण एका शिलाईत जरासं इकडेतिकडे झालं की आठव्या तुकड्यापर्यंत ओळ चांगली बोटभर लांब नाहीतर आखूड होते, अनुभव आहे!

इस्त्री करताना पहिल्या ओळीच्या शिलाया डावीकडे दाबा, दुसरीच्या उजवीकडे, अशाच आलटून पालटून. मग ओळी जोडताना कोपरे एकमेकांत अडकतात आणि जाड गाठ येत नाही.

आता आत काय घालायचं. मी पहिल्यांदा हौसेने उशीतला फायबर घातला होता. कव्हर असलं गुबगुबीत झालं की चहाचा कप ठेवला की कलंडायचा, शिवाय फायबर सिंथेटिक, गरम पातेल्याखाली आकसला. आता मी फक्त जुनं धुतलेलं कॉटनचं लुगडं घालते, एकच घडी. खाली अस्तर, मध्ये लुगडं, वर चौकोन, जमिनीवर ताणून टाचण्या आणि मग कच्चे टाके. हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका.

मग धावदोरा, आपल्या आज्या गोधडीला घालायच्या तोच. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता. मधून सुरू करून कडेकडे जायचं, सैल कापड बाहेर सरकत जातं, आणि दोन ओळींत दोन बोटं अंतर, म्हणजे धुण्यात आतलं लुगडं गोळा होत नाही. टाके वाकडे आले तर येऊ देत, मला तर मशीनपेक्षा तेच आवडतात.

गंमत म्हणजे कारवारकडच्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकेतून आलेल्या समाजातल्या, बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी शिवतात ना, त्या बरोब्बर उलट करतात, कडेपासून सुरू करून गोल गोल आत येतात. कड आधीच दुमडून शिवलेली असते, त्यामुळे नंतर गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायला लागत नाही. आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्याला फुला म्हणतात.

आपल्याला मात्र गोट लावायचाय. अडीच इंचाच्या पट्ट्या जोडा, मधोमध दुमडून इस्त्री करा, वरून मशीनने शिवा, मग मागे वळवून हाताने वरून न दिसणारा लपता टाका घाला. गोल टेबल असेल तर पट्ट्या तिरप्या कापायच्या, सरळ कापलेली पट्टी वळणावर चुण्या मारते.

कोपरा कसा दुमडायचा ते आता जवळून दाखवते, थांबा, कॅमेरा खाली घेते.