गव्हर्नर कधी निवडावा?

१९७६ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या मतदारांनी जेम्स थॉम्पसन यांना गव्हर्नर म्हणून निवडून दिले, तेव्हा त्यांचा कार्यकाळ अवघ्या दोन वर्षांचा असणार हे आधीच ठरलेले होते. राज्याच्या १९७० च्या संविधानाने गव्हर्नरची निवडणूक राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीपासून वेगळी काढली होती, आणि वेळापत्रक बदलायचे तर मध्ये एक अर्धा कार्यकाळ घालण्यावाचून इलाज नव्हता. फ्लोरिडाने हाच बदल १९६४ आणि १९६६ अशा लागोपाठच्या दोन निवडणुका घेऊन साधला होता.

एखादे राज्य एवढी खटपट का करते, हे समजण्यासाठी या पदाचे वजन लक्षात घ्यावे लागते. भारतात राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात. अमेरिकेत मात्र गव्हर्नरला जनता थेट निवडते आणि राज्याचा कारभार प्रत्यक्ष त्याच्या हाती असतो. अशा व्यक्तीची निवड राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीच्या दिवशीच झाली, तर राज्यातील शाळा, रस्ते आणि कर यांचे प्रश्न राष्ट्रीय लाटेत वाहून जातील, अशी हा बदल मागणाऱ्यांची भूमिका होती.

ती बहुतेक राज्यांना पटली, हे नकाशावर दिसते. ३४ राज्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर, चार वर्षांसाठी गव्हर्नर निवडतात. चार वर्षांसाठी, पण राष्ट्राध्यक्षांबरोबरच निवडणारी राज्ये केवळ ९ उरली आहेत. केंटकी, लुइझियाना आणि मिसिसिपी यांनी त्या निवडणुकीच्या आदले वर्ष निवडले आहे, तर व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी यांनी नंतरचे.

या वेगळेपणाची किंमतही मोजावी लागते. २०२० च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत देशभरातील सुमारे ६६ टक्के पात्र मतदारांनी मतदान केले. २०२२ मध्ये, ३६ राज्ये गव्हर्नर निवडत असताना, हे प्रमाण सुमारे ४६ टक्क्यांवर आले. राज्याच्या प्रश्नांवर लक्ष एकवटावे म्हणून स्वतंत्र वर्ष ठरवायचे आणि त्या वर्षी मतदारच कमी यायचे, ही या व्यवस्थेतील खरी अडचण आहे.

शिवाय तारीख बदलली म्हणून राष्ट्रीय राजकारण दूर राहतेच असे नाही. १९७७ पासून २०२५ पर्यंत व्हर्जिनियात झालेल्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकांत, २०१३ चा एक अपवाद सोडला, तर राष्ट्राध्यक्षांचा पक्ष प्रत्येक वेळी हरला आहे. विशेष म्हणजे याच राज्यात गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा हे पद मिळू शकत नाही, त्यामुळे पदावरील व्यक्तीच्या कामाचा निवाडा मतदारांना थेट करताच येत नाही.

कार्यकाळ किती असावा, हा प्रश्न याहून जुना आहे. ब्रिटिश राजसत्तेने नेमलेल्या गव्हर्नरांचा अनुभव ताजा असताना अनेक राज्यांनी एकाच वर्षाची मुदत दिली, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये तर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातही दरवर्षी निवडणूक होत असे. आर्कान्सामध्ये बिल क्लिंटन १९७८ मध्ये जिंकले, दोनच वर्षांत हरले आणि १९८२ मध्ये परतले, कारण तेथे तेव्हा दोन वर्षांची मुदत होती.

आज ती मुदत केवळ न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट यांनी टिकवली आहे. व्हरमाँटचे रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट २०१६ पासून लागोपाठ पाच वेळा निवडून आले आहेत. २०२४ मध्ये याच राज्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस यांना ६० टक्क्यांहून अधिक मते दिली आणि त्याच दिवशी स्कॉट यांना ७० टक्क्यांहून अधिक.