ठाणे कोर्ट ते सर्वोच्च न्यायालय: न्यायमूर्ती अभय ओक यांनी मागे काय ठेवलं?

नमस्कार मंडळी. कोर्ट नाक्यावरून जाताना ठाण्याचं जिल्हा न्यायालय आपण येता-जाता बघतो. काखेत फायली घेतलेले वकील, झेरॉक्सवाल्याकडची गर्दी, पुढची तारीख घेऊन वैतागून बाहेर पडणारे पक्षकार. २८ जून १९८३ ला सनद घेऊन तेवीस वर्षांचे अभय ओक याच कोर्टात उभे राहिले, वडिलांच्या, म्हणजे श्रीनिवास ओकांच्या चेंबरमधून. २४ मे २०२५ ला ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून निवृत्त झाले.

मधला प्रवास भराभर सांगतो. १९८५-८६ च्या सुमारास ते व्ही. पी. टिपणीस यांच्या चेंबरमध्ये गेले. हे टिपणीस पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि राज्याचे लोकायुक्त झाले. २००३ च्या ऑगस्टमध्ये ओकसाहेब मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले, मे २०१९ मध्ये कर्नाटकचे मुख्य न्यायमूर्ती, आणि ३१ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयात. त्या दिवशी एकदम नऊ न्यायमूर्तींनी शपथ घेतली होती, त्यात पहिली शपथ यांची.

पण मला बोलायचंय ते त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल. माझं ठाम मत आहे की दिल्लीला गेल्यावरही ओकसाहेब जिल्हा कोर्टाच्या वकिलासारखाच विचार करत राहिले. निकाल लागला, पुढे काय? पोलीस स्टेशनातला हवालदार उद्या वेगळं काय करणार? महापालिकेचा वॉर्ड ऑफिसर काय करणार? हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या ठाण्याचंच आहे.

दहीहंडी, गणपती, नवरात्र. ठाण्यात हे सण किती मोठे होतात ते तुम्हाला सांगायला नको. मलाही ते प्रिय आहेत. पण हॉस्पिटलच्या भिंतीला लागून डीजे वाजतो तेव्हा आत झोपलेल्या पेशंटचं काय? रस्ता अडवून मंडप घातला तर ॲम्ब्युलन्सने कुठून जायचं? ठाण्यातल्याच एका डॉक्टरांनी हे प्रश्न जनहित याचिकेतून उच्च न्यायालयात नेले. त्यावर ओकसाहेबांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. भोंगा लावणं हा कुठल्याही धर्माचा मूलभूत हक्क होऊ शकत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. घटनेच्या कलम २१ मध्ये आपल्याला जगण्याचा हक्क आहे, त्या जगण्यात शांतता धरलेली आहे.

आता बघा, आवाजाचे नियम २००० सालापासून होतेच. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. शांतता क्षेत्रात, म्हणजे हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या आसपास, ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद. नियम सगळे कागदावर, आणि आवाज मोजायला पोलिसांकडे यंत्रंच पुरेशी नाहीत! मग कोर्टाने सरकारला विचारलं, यंत्रं कधी घेणार? तक्रार आली की कोण जाणार? तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त राहील याची व्यवस्था काय? या शेवटच्या प्रश्नाचं मोल सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही कळेल. खालच्या मंडळाविरुद्ध फोन केला आणि नाव फुटलं, तर त्या माणसाला तिथेच राहायचं असतं ना. इतका बारीक विचार निकालात येतो तेव्हा लिहिणाऱ्याने लोकांमध्ये वकिली केलीय हे जाणवतं.

पुढच्या वर्षी हे प्रकरण पेटलं. १० ऑगस्ट २०१७ ला केंद्राने नियम बदलला. राज्य सरकारने त्यावरून भूमिका घेतली की, आम्ही जाहीर करेपर्यंत कुठेही शांतता क्षेत्र नाही. म्हणजे हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचं शंभर मीटरचं संरक्षण एका फटक्यात गेलं. ओकसाहेबांच्या खंडपीठाला हे पटेना. गणपती तोंडावर आले होते, आणि सरकारने थेट न्यायमूर्तींवरच पक्षपाताचा आरोप केला. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती मंजुळा चेल्लूर यांनी प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे दिलं. त्यावर वकील मंडळी संतापली. काही दिवसांतच तीन न्यायमूर्तींचं पीठ नेमलं गेलं आणि त्यात ओकसाहेब होते. सरकारला माफी मागावी लागली. या पीठाने बदललेल्या नियमाला स्थगिती दिली, मात्र सर्वोच्च न्यायालयाने लगेच त्या स्थगितीलाच स्थगिती दिली. तेव्हा लढाई पूर्ण जिंकली असं कुणी म्हणू नये. पण न्यायाधीशावर आरोप केला की प्रकरण सोयीच्या पीठापुढे जातं, असा पायंडा पडला नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

नवी मुंबईकरांना दिघा आठवत असेल. एमआयडीसी आणि सिडकोच्या जागांवर उभ्या राहिलेल्या ९९ बेकायदा इमारती. त्या पाडण्याच्या आदेशांमागे ओकसाहेबांचंच खंडपीठ होतं. सरकारने बेकायदा बांधकामं नियमित करण्याचं धोरण आणलं, तेही कोर्टाने मान्य केलं नाही. त्या घरांत आयुष्याची कमाई घातलेली माणसं होती. बिल्डर पैसे घेऊन मोकळे, आणि बाया-माणसं लेकरांना घेऊन रस्त्यावर. त्यांचा राग मला आजही समजतो. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर होता असंच मी म्हणेन, पण इमारती उभ्या राहताना डोळे मिटून बसलेल्या अधिकाऱ्यांना त्या कुटुंबांइतकी झळ बसली नाही, हे दुखणं राहतंच.

सर्वोच्च न्यायालयातलं एक प्रकरण कोल्हापूरचं आहे. तिथल्या एका प्राध्यापकाने कलम ३७० रद्द झाल्याचा निषेध करणारं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं, १४ ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छाही दिल्या. गुन्हा दाखल झाला, उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. मार्च २०२४ मध्ये ओक आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे. आणि पुढे काय म्हटलं? अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणजे काय, हे पोलिसांना शिकवायची वेळ आली आहे. बघा, पुन्हा पोलीस स्टेशन!

दुसरा निकाल फारसा गाजला नाही, पण कोर्टाची पायरी चढलेल्याला तो लगेच कळेल. २०१८ च्या एका निकालामुळे स्टे मिळून सहा महिने झाले की तो आपोआप उठायचा. सुनावणी कोर्टामुळे लांबली तरी फटका पक्षकाराला. २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे बदललं आणि मुख्य निकाल ओकसाहेबांनी लिहिला. त्यात त्यांनी असंही म्हटलंय की, अमुक खटला अमुक महिन्यांत संपवा असे आदेश वरिष्ठ न्यायालयांनी ऊठसूट देऊ नयेत, कारण त्या कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, काय आहे हे तिथल्याच न्यायाधीशाला ठाऊक असतं. माझ्या मते हे वाक्य ठाणे कोर्टात घडलेल्या माणसाचं आहे.

झाडांच्या बाबतीत तर ते कठोरच होते. मथुरा-वृंदावन भागात ४५४ झाडं बेकायदा तोडली गेली, तेव्हा त्यांच्या खंडपीठाने झाडामागे १ लाख रुपये दंड कायम ठेवला.

मे २०२५ मध्ये त्यांच्या आईचं निधन झालं. अंत्यसंस्कारांसाठी ते आले, आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीत कोर्टात बसून त्यांनी ११ निकाल दिले. तो त्यांच्या कामाचा शेवटचा दिवस होता. निवृत्त होणाऱ्या न्यायमूर्तींनी शेवटच्या दिवशी काम करायचं नाही ही प्रथा आपल्याला मान्य नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

त्यांचे सगळेच निकाल टिकले असं नाही. १६ मे २०२५ ला 'वनशक्ती' प्रकरणात त्यांच्या खंडपीठाने ठरवलं की आधी प्रकल्प उभारायचा आणि मागाहून पर्यावरण मंजुरी घ्यायची, हे चालणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. विरोधात मत देणारे न्यायमूर्ती भुयान होते, मूळ निकालात ओकसाहेबांसोबत बसलेले. माझ्या मते मूळ निकालच योग्य होता. खाडी, कांदळवन आणि येऊरच्या जंगलाला लागून राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते दोन्ही निकाल वाचायला हवेत.

आवाजाचा निकाल मात्र आजही रोजच्या कामात येतो. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना कारवाईचे आदेश दिले, तेव्हा आधार २०१६ च्या त्याच निकालाचा घेतला. तक्रारदाराची ओळख विचारू नका, उघड करू नका, हेही त्यात पुन्हा बजावलं. तेव्हा रात्री दहानंतर तुमच्या खिडकीखाली भोंगा चालू असेल तर ११२ ला फोन करा, आणि कुणी नाव सांगण्याचा आग्रह धरला तर त्यांना या निकालाची आठवण करून द्या.