हिंडलग्याच्या भिंतीआड नाटकाची तालीम व्हावी का?

नमस्कार मंडळी.

बेळगावातनं वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की हिंडलगा येतं. तिथलं मध्यवर्ती कारागृह १९२३ सालचं. आपल्या भागात त्याचं नाव निघतं ते फाशीच्या बातमीत, नाहीतर सीमालढ्यात तिथं राहून आलेल्या माणसांच्या आठवणीत. आज मी बोलणार आहे ते त्या भिंतींच्या आतल्या नाटकाबद्दल. ते असावं का, आणि असलं तर कसलं असावं? माझं मत आधीच सांगून टाकते. असावं. आणि प्रयोग एक वेळ झाला नाही तरी चालेल, तालीम मात्र व्हायलाच हवी.

तुरुंगातला सांस्कृतिक कार्यक्रम म्हटलं की काय डोळ्यांपुढं येतं? पंधरा ऑगस्ट, एक मांडव, पाहुण्यांना हारतुरे, कैद्यांचं एखादं देशभक्तीचं गाणं. तेही असू दे, माझी हरकत नाही. पण त्या एका दिवसानं आतल्या माणसाच्या मनात फार काही हलत नाही. दोन-तीन महिने रोज चाललेली तालीम ही निराळी गोष्ट आहे, आणि ती आपल्याच कर्नाटकात झालेली आहे.

म्हैसूरचं रंगायण, ती नाटकसंस्था, तुम्हाला ठाऊक असेल. १९८९ साली दिग्दर्शक ब. व. कारंतांनी उभं केलं. तिथले नट हुलुगप्पा कट्टीमनी. या माणसानं कैद्यांना घेऊन नाटकं बसवली, आणि एखाद-दुसरं नव्हे, वर्षानुवर्षं बसवत राहिले. निवडली तरी कुठली? गिरीश कार्नाडांचं ‘तलेदंड’, समाजसुधारक बसवण्णांच्या काळातल्या, कर्नाटकातल्या कल्याणच्या उलथापालथीवरचं. आणि ‘मारनायक’, म्हणजे शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’चं एच. एस. शिवप्रकाशांनी केलेलं कन्नड रूप. कैद्यांना बोधपर नाटुकली द्यावी, असं त्यांना वाटलं नाही. आणि ही नाटकं तुरुंगाबाहेरच्या रंगमंचावर, तुमच्या-माझ्यासारख्या प्रेक्षकांपुढं झाली.

‘मॅकबेथ’मधला एक प्रसंग घ्या. राजाचा खून करून मॅकबेथ बाहेर येतो. स्वतःच्या हातांकडं बघतो. अख्ख्या समुद्रानं तरी हे रक्त धुऊन निघेल का, असं म्हणतो. एरवीच्या नटाला ते रक्त कल्पनेनं आणावं लागतं. आता तेच वाक्य जन्मठेपेच्या कैद्याच्या तोंडी आहे असं समजा. तो ते घाईघाईनं बोलून टाकणार. दिग्दर्शक म्हणणार, “परत घे. हात इतक्या लवकर खाली नको आणू. आधी बघ, मग बोल.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभर तेच.

हा कैदी आपल्या गुन्ह्याच्या रात्रीबद्दल याआधी कुठं बोललाय? कोर्टात बोललाय, पण तिथं वकिलानं सांगितलं तेवढंच, सुटण्यापुरतं. बराकीत बोलला तर फुशारकी मारून, नाहीतर गप्पच. मुलाकतीला आलेल्या आईपुढं तर विषयच नको. तालमीत त्याला पहिल्यांदा दुसऱ्याच्या नावाखाली ते सगळं तोंडातनं काढता येतं, आणि तो जबाब म्हणून कुणी लिहून घेत नाही. अशी जागा तुरुंगात दुसरी कुठली आहे, मला तरी दिसत नाही.

अमेरिकेतल्या सॅन क्वेंटिन तुरुंगाची गोष्ट या विषयात सांगितलीच पाहिजे. १९ नोव्हेंबर १९५७ ला तिथं सॅम्युअल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ झालं. ते निवडण्याचं एक कारण अगदी साधं होतं, नाटकात बाईचं पात्र नाही. समोर सुमारे १४०० कैदी. बाहेरच्या भल्याभल्यांना न कळलेलं ते नाटक, दोन माणसं नुसती वाट बघत बसलेली, या लोकांना लगेच कळलं. रिक क्लची नावाच्या जन्मठेपेच्या कैद्याला तर बघायलाही जाऊ दिलं नव्हतं. त्यानं ते कोठडीत बसून लाऊडस्पीकरवर ऐकलं. पुढं त्यानं तुरुंगातच नाटकमंडळी उभी केली, आणि सुटल्यावर खुद्द बेकेटच्या दिग्दर्शनाखाली काम केलं. आपल्याकडं कोलकात्यात नृत्यांगना अलोकनंदा रॉय यांनी कैद्यांना घेऊन टागोरांचं ‘वाल्मिकी प्रतिभा’ केलं. दरोडेखोराचा कवी होतो ती कथा. त्यात वाल्मिकी झालेला तरुण सुटल्यावर बंगाली सिनेमात नट झाला.

पण अशा गोष्टी ऐकून ‘नाटक केलं की माणूस सुधारला’ असं गणित मांडू नका. तालमीला येतात ते स्वतःहून येतात, म्हणजे बदलायची थोडी इच्छा असलेलेच येतात. श्रेय सगळं नाटकाला देणं बरोबर नाही.

आता अडचणींकडं येऊ, कारण काम अडतं ते तिथं. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागं साधारण तीन कच्चे कैदी असतात, खटला संपायचा असलेले. तुम्ही मन लावून एखाद्याकडनं मुख्य काम बसवून घेता आणि त्याला जामीन मिळतो. आनंदच आहे, पण नाटकाचं काय? म्हणून प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार ठेवायचा. संध्याकाळी गिनती होऊन बराकी बंद होतात, म्हणजे आपल्या गावातल्यासारखी रात्री जेवणं उरकून तालीम हा विषयच संपला. दाढी-मिशा आणि टोप यांना अधिकारी बिचकतात, आणि त्यांचंही खरं आहे. वेश बदललेला माणूस गिनतीत ओळखायचा कसा? दोर, काच, आरसा यांचंही तेच. तलवार पुठ्ठ्याची. त्यामुळं देखावा, रंगरंगोटी, झगमगाट सगळं गळून पडतं, आणि उरतो तो आवाज, शरीर आणि समोरच्याचं ऐकणं. ऐकण्यावर मी जोर देते. समोरच्याचं वाक्य पुरं झाल्याशिवाय आपलं बोलायचं नाही, ही शिस्त ज्याला आयुष्यात कुणी लावली नाही, त्याला ती तालमीत लागते.

आणि भाषा? सीमाभागातल्या तुरुंगात कन्नड, मराठी, हिंदी, उर्दू सगळं कानावर पडणार. मग नाटक कुठल्या भाषेत करायचं? मी म्हणते, कन्नड आणि मराठी दोन्हींत करा, एकाच नाटकात. आपल्या बाजारात रोज तेच तर चालतं, एक जण कन्नडात भाव विचारतो, दुसरा मराठीत सांगतो. आणि नाटकाला हे नवीन नाही. कर्नाटकातली खेळकरी मंडळी सांगलीला आली, त्यांचे खेळ बघून विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. आपलं नाटक जन्मापासनं या दोन भाषांच्या मधल्या वाटेवर वाढलंय.

याच मातीतलं एक कन्नड लोकनाट्य आहे, ‘संग्या-बाळ्या’. बैलहोंगल भागात खरोखर घडलेल्या खुनावरचं म्हणून ते ओळखलं जातं. संग्या सावकार, बाळ्या त्याचा जिवाभावाचा मित्र. संग्याचं मन इरण्णाच्या बायकोवर, गंगेवर बसतं. शेवटी इरण्णा आणि त्याचे भाऊ संग्याला मारतात, आणि त्यात बाळ्या दगा देतो. पिढ्यान् पिढ्या गावोगाव लोकांनी हे रात्र जागून पाहिलंय. हिंडलग्यात हे करायचं झालं तर मला बाळ्याच्या कामात जास्त रस आहे. हत्यार त्यानं उचललं नाही. तो फक्त मित्राला घेऊन गेला. आपल्या गुन्ह्याबद्दल ‘मी काय केलं, मी नुसता बरोबर होतो’ असं म्हणणारे आत किती असतील! त्यांना बाळ्या करू दे.

ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांची एक पद्धत इथं फार कामाची आहे. १९७१ मध्ये लष्करी राजवटीनं त्यांना तुरुंगात टाकलं, छळ केला. पुढं त्यांच्या पद्धतीनं तुरुंगांतही काम झालं. त्यात प्रसंग एकदा करून दाखवतात, मग पुन्हा सुरू करतात आणि प्रेक्षकातला कुणीही ‘थांब’ म्हणून नटाच्या जागी उभा राहतो. आपल्याकडचा प्रसंग कुठला घ्यावा? बांधाचा. दोन भाऊ, मधला बांध, एकानं नांगर वीतभर आत घातला. शिव्या झाल्या, आईवरनं बोललं गेलं, कोयत्याकडं हात गेला. “थांब!” बसलेल्यातला एक उठतो, मोठ्या भावाच्या जागी येतो. आता तू काय बोलशील? तो म्हणतो, “सकाळी तलाठ्याला बोलावू या.” धाकटा ऐकत नाही. मग दुसरा येतो, तो नुसता पाठ फिरवून घराकडं चालू लागतो. ते जमतं का? गावात पळपुटा म्हणतील त्याचं काय? त्यावर बसलेल्यांत भांडण जुंपतं, आणि ते जुंपायलाच हवं.

कुणी विचारेल, आणि विचारावंच: ज्यांच्या घरातलं माणूस मेलं त्यांचं काय? त्यांना कुठलं नाटक? मला या प्रश्नाला बगल द्यायची नाही. त्या घराची भरपाई नाटकानं होत नाही, आणि टाळ्या घेणारा कैदी त्यांना बघवणार नाही हे मला समजतं. म्हणूनच मी तालमीच्या बाजूनं आहे. पेपरात फोटो, मोबाइलवर व्हिडिओ, सत्कार यातलं काही नसलं तरी तालमीचं काम होतं. शिक्षा आहे ती कोंडून ठेवण्याची, मनानं मरण्याची नव्हे. कैद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे नियम आहेत, २०१५ चे नेल्सन मंडेला नियम. त्यातला १०५ वा नियमही सांगतो, सर्व तुरुंगांत मनोरंजनाचे आणि सांस्कृतिक उपक्रम असावेत, कैद्यांच्या शरीर-मनाच्या आरोग्यासाठी.

आता थेट तुम्हाला सांगते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या नाटकमंडळींनो, भजनी मंडळांनो, हे काम आपण करू शकतो. सुरुवात सोंगी भजनानं करा. पेटी, पखवाज, टाळ, एवढ्यावर भागतं. आतल्या बऱ्याच जणांना ते गावापासनं येतं, आणि सोंग घेऊन उभं राहायची लाज तिथंच मोडते. कन्नड नाटकवाल्यांना बरोबर घ्या. कारागृह अधीक्षकांकडं रीतसर अर्ज करा, येणाऱ्यांची नावं, सामानाची यादी, वेळ सगळं लिहून. आत गेल्यावर ‘तू काय केलंस’ हे कुणालाही विचारू नका, ज्याला सांगायचं तो सांगेल.

आणि एक अट माझी. ठरल्या दिवशी तुम्ही गेला नाहीत, तर आतल्या माणसाला फोन करून कारण विचारता येत नाही. तो चटई झटकून वाट बघत बसलेला असतो. म्हणून सलग तीन महिने देता येणार असतील तरच अर्ज करा.