जमखंडीची पाच मिनिटं

अध्यक्ष महाराज आणि एवढ्या थंडीत मफलर गुंडाळून आलेल्या बंधू-भगिनींनो,

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, 'ताऱ्यांच्या वर्णपटाची एक रात्र : पूर्वतयारी'. वर्णपट म्हणजे प्रकाश फोडून पसरलेला रंगांचा पट्टा. लिहिणाऱ्यानं 'वर्णपटाची'च्या जागी 'चित्रपटाची' लिहिलं होतं. ते मी येता येता दुरुस्त केलं. तेवढ्यात जे आत येऊन बसले असतील, त्यांची मी माफी मागतो. चहा मात्र सगळ्यांना आहे, असं कार्यवाह सांगताहेत.

तयारीबद्दल बोलायचं कबूल केलंय, बोलणारच. पण त्याआधी एक जुनं दुखणं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय माझी गाडी सुरूच होत नाही. दरवर्षी ऑगस्ट उजाडला की मोबाइलवर एक मजकूर फिरायला लागतो : 18 ऑगस्ट 1868 रोजी नॉर्मन लॉकियर साहेबांनी विजयदुर्गावरच्या ओट्यावर बसून ग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. मला तो किमान सात-आठ जण पाठवतात, त्यात माझे दोन माजी विद्यार्थी आणि एक व्याही. विजयदुर्गाशी माझं वैर नाही. पण लॉकियर, हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ, त्या दिवशी इंग्लंडात होते. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी पाहिली 20 ऑक्टोबरला, तिथल्याच दुर्बिणीतून आणि ग्रहणाशिवाय. विजयदुर्गावर ते आले हे खरं, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी! तोवर रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञानं 1895 मध्ये हेलियम एका खनिजातून काढून प्रयोगशाळेत धरलासुद्धा होता. मुलगी नांदून आजी व्हायला आली आणि आम्ही पाहुण्यांना सांगतोय की आज दाखवायचा कार्यक्रम झाला.

बरं, ही चूक एक वेळ सोडून देतो. दुखणं पुढंच आहे. 1868 च्या त्या सकाळी ग्रहणाची सावली आपल्या अंगणातनं गेली आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन. आणि जमखंडीला, होय, आपल्या जमखंडीला, पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. ज्या विल्यम हर्शेलनं युरेनस शोधला, त्याचा हा नातू. रॉयल सोसायटीसाठी ही कामगिरी करत होता. आज जमखंडी बागलकोट जिल्ह्यात आहे. आमच्या पाहुण्यांपैकी निम्मे लोक तिथं लग्नाला जाऊन आलेत, पण त्या गावात वर्णपटशास्त्राचं एवढं मोठं काम झालं हे लग्नाच्या पंगतीत कधी कुणी बोललं नाही. मी एकदा बोललो. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "असंल की, जिलेबी घ्या."

आता ऑगस्ट महिना. पावसाळा. खग्रास स्थिती पाचेक मिनिटांची. वर ढग. त्या ढगांच्या फटींतून सूर्याच्या कडेला उसळलेल्या ज्वाळा दिसल्या, आणि हर्शेलनं वर्णपटदर्शकाची फट, म्हणजे प्रकाश आत घ्यायची चीर, तिथं नेली. तांबडी, नारिंगी, निळी अशा तीन झळझळीत रेषा! सलग रंगपट्टा नाही, म्हणजे ते पेटलेले वायू आहेत हे तिथल्या तिथं ठरलं. ती नारिंगी-पिवळी रेषा म्हणजेच पुढं हेलियमची ठरलेली. त्या दिवशी बहुतेकांनी तिला सोडियमची समजून सोडून दिलं, कारण सोडियमच्या दोन रेषांची जोडी 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर तरंगलांबीवर आहे आणि ही 587.6 वर. शेजारच्या घरात पाहुणा आलाय हे उंबऱ्यावरच्या चपला नीट पाहिल्याशिवाय कळत नाही, तसं.

आणि मला सांगायचंय ते हे, की हा हर्शेल मोजणी खात्यातला माणूस होता, त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला. मोजणीदाराची सवय म्हणजे आधी कागद, मग खुंटी. पाच मिनिटांसाठी त्याची तयारी कित्येक महिने आधीपासून चालली होती. आपल्याला जानेवारीत जवळजवळ दहा तास अंधार मिळतो आणि आपण दुर्बिणीपाशी उभं राहून म्हणतो, "हं, आता काय बघूया गा?"

मोजणीवरून आठवलं. हा किस्सा ज्यांनी ऐकलाय त्यांनी चहाकडं लक्ष द्यावं. जांबोटीच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या मळ्यात मी आणि माझा भाचा दुर्बीण लावून बसलो होतो. तिपाई, वायर, लाल बॅटरी, लॅपटॉप. रात्री अकराच्या सुमारास खांद्यावर घोंगडं टाकून एक म्हातारा आला. बराच वेळ पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "काय सायेब, मोजणी करालायसा काय?" मी म्हटलं, "होय." तर तो दोन पावलं मागं सरकला. "कुठल्या सरकारची? म्हाराष्ट्राची का कर्नाटकाची?" मी म्हटलं, "आबा, आभाळाची." तो वर बघत म्हणाला, "मग बरं हाय. तिथं शीव न्हाई." आता आबांना काय सांगणार! तिथंही शीव आहे. खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघानं 1928 साली 88 तारकासमूहांच्या हद्दी ठरवल्या. 1930 साली त्या छापूनही आल्या. एकही खटला नाही. आपला 1956 पासूनचा हिशेब मी इथं काढत नाही, अध्यक्षांनी आधीच तंबी दिलीय.

त्या रात्रीचं पुढं काय झालं ते ऐका, कारण तिथंच मला शहाणपण आलं. हवा सुरेख होती. आम्ही व्याध घेतला, काक्षी घेतला, रोहिणी घेतली, जे चमकेल ते घेतलं. पहाटेपर्यंत चाळीसेक वर्णपट. भाचा खूष. सकाळी घरी येऊन संगणक उघडला, तेव्हा लक्षात आलं की तुलनेच्या दिव्याचा एकही फोटो नाही. निऑन-आर्गॉनच्या दिव्याच्या रेषांच्या जागा आपल्याला पक्क्या माहीत असतात. त्यांच्यावरून ताऱ्याच्या वर्णपटावर पट्टी लावायची. आम्ही दिवा नेला होता. त्याची बॅटरी भाच्यानं मोबाइल चार्ज करायला लावली होती. त्या चाळीस वर्णपटांतून आम्हाला तारे रंगीत असतात एवढंच कळलं, आणि ते माझ्या आईला दुर्बिणीशिवाय ठाऊक होतं.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे'. असू द्या, आता पळतो.

मोठ्या दुर्बिणींवर ही शिस्त सक्तीची असते. लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवरची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आपल्या बंगळूरजवळच्या होस्कोटेहून चालवतात. तिच्यावर रात्र हवी तर महिनोन्महिने आधी अर्ज. कुठला तारा, का, किती वेळ, किती वाजता, सगळं लिहून द्यायचं. आपणही स्वतःला तसा अर्ज लिहावा.

पहिली ओळ घड्याळाची. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं, आणि बेळगाव 74.5 च्या आसपास. आठ अंश, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे आपला तारा घड्याळाच्या हिशेबानं 32 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. छापील नकाशा तसाच वापरून अर्धा तास चुकलेले लोक मी पाहिलेत, आरशात. शिवाय तोच तारा रोज चार मिनिटं लवकर येतो, महिन्याला दोन तास.

दुसरी गोष्ट उंची. तारा क्षितिजापासून तीस अंशांवर असला की प्रकाशाला माथ्यावरच्या दुप्पट हवा ओलांडावी लागते. निळा भाग तिथंच गळतो, आणि निळ्या-तांबड्या प्रतिमा एकमेकींपासून इतक्या सरकतात की सगळा प्रकाश फटीत शिरतच नाही. म्हणून मावळतीकडं निघालेला आधी घ्यायचा. जानेवारीच्या मध्यावर पावणेआठला अंधार पडतो तेव्हा शर्मिष्ठेचा मधला तारा चाळीसेक अंशांवर असतो आणि दहापर्यंत तिसाच्या खाली जातो. तो पहिला. त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा काळ्या नसून उजळ आहेत, हे इटलीच्या सेक्कींनी 1866 मध्ये पाहिलं. ताऱ्याभोवती वायूची चकती आहे तिची ती करामत, आणि ती बदलत राहते. त्यामुळे वर्षानुवर्षं टिपत राहिलात तर तुमच्या नोंदीलाही किंमत आहे.

मग मृग. त्याच्या पोटातल्या बाणाचा मधला तारा साडेदहाला माथ्यावर, 73 अंशांवर. काक्षी वीस मिनिटांनी. व्याध पावणेबाराला. मघा पहाटे तीनला. या मधल्या वेळांत अंधुक तारे बसवायचे, पण हात राखून. पहिल्या प्रतीच्या, म्हणजे ठळक ताऱ्याला दहा सेकंद पुरत असतील तर सहाव्या प्रतीच्या अंधुक ताऱ्याला शंभरपट, म्हणजे सतरा मिनिटं, तीही कमीत कमी. यादीत बारा तारे लिहिणारा माणूस हावरा समजावा. पाच लिहा, चार होतील.

प्रत्येक ताऱ्याच्या आधी आणि नंतर तुलनेचा दिवा, दुर्बीण न हलवता, कारण दुर्बीण कलली की उपकरण किंचित वाकतं आणि पट्टी सरकते. आणि तितक्याच उंचीवरचा, ज्याचा वर्णपट आधीच चोख माहीत आहे असा एक तारा. हवेनं आणि कॅमेऱ्यानं किती प्रकाश खाल्ला ते त्याच्यावरून काढायचं.

दिव्यांचं राहिलं. पूर्वी रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते. ते वर्णपटात ठरावीक जागी पट्टे उठवायचे, चोर ओळखीचा होता. आता गावोगाव पांढरे एलईडी हायमास्ट. निळ्या रंगात 450 नॅनोमीटरपाशी उंचवटा आणि पुढं सगळीकडं सारवण. जांबोटीहून बेळगावचा उजेड ईशान्येला दिसतो; त्या दिशेचे तारे वर चढेपर्यंत थांबा. ऊस गाळपाच्या दिवसांत फड पेटवतात, तो धूर कुठं जातोय तेही सायंकाळी बघून ठेवा. दंवासाठी केस वाळवायचं यंत्र न्यायचं. घरातून विचारून न्यावं.

झालं, झालं, दुसरी चिठ्ठी दिसली मला.

अमावास्येच्या शनिवारी आम्ही जातोय. साडेदहा वाजता मृगाच्या त्या मधल्या ताऱ्यावर फट लावणार आणि 587.6 वर एक काळी रेषा शोधणार, जमखंडीला उजळ दिसली होती तीच, सोडियमच्या शेजारची. गाडीत दोन जागा आहेत. कानटोपी आणा. मोबाइल घरून चार्ज करून या.