अर्धे सिनेमे, पुरती मतं

(अंबाजोगाईतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी, आणि मागं भिंतीला टेकून उभे असलेले आमच्या डेपोतले दोस्त. दोस्तांनो, पुढं खुर्च्या रिकाम्या हायत. पण तुम्हाला उभं राहायची सवय, तुम्ही काय बसणार.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘अलीकडे पाहिलेले चित्रपट आणि मालिका’. त्यात ‘पाहिलेले’ हा शब्द माझ्या बाबतीत निम्माच खरा आहे. मी चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, २०२४ मध्ये रिटायर झालो. शेवटच्या सात-आठ वर्षांत मी जेवढे सिनेमे पाहिले त्यापेक्षा जास्त नुसते ऐकले. गाडी अंबाजोगाई सोडते, बर्दापूर येईपर्यंत तिकिटं फाडून होतात, आणि तोवर कुणीतरी मोबाइलवर सिनेमा लावलेला असतो. इयरफोन बऱ्याच जणांकडं नसतो. असला तरी एक नळी बिघडलेली. त्यामुळं जो सिनेमा एकाचा, तो पंचेचाळीस जणांचा. बघणारा एकच, ऐकणारे सगळे. मला तर दोन सीटांच्या मधे उभं राहून मोबाइलची फक्त पाठ दिसायची.

त्याआधी ट्रॅव्हल्सचा काळ होता. आपल्याकडची निम्मी पोरं पुण्याला, म्हणून रात्रीच्या गाड्या. ड्रायव्हरच्या डोक्यावर टीव्ही. सिनेमा नऊला सुरू व्हायचा, गाडी ढाब्यावर थांबली की बंद, आणि परत चढल्यावर क्लीनर म्हणायचा, ‘आता झोपा.’ मुलाकडं जाताना मी अशा कितीतरी सिनेमांची पहिली बाजू पाहिली. शेवट काय झाला ते आजही माहीत नाही. पण मत विचारा, पुरतं देतो! अर्ध्या सिनेमावर पुरतं मत देणं ही आपल्या भागाची जुनी कला आहे.

ऐकण्याचा एक फायदा सांगतो. ‘पुष्पा’ आला २०२१ च्या डिसेंबरात. तेव्हा आम्ही संपावर, घरी. पुढच्या वर्षी एप्रिलात गाड्या सुरळीत झाल्या, आणि मग महिनाभर गाडीत दुसरं काही वाजलंच नाही. एका पोराच्या मोबाइलवर ते हिंदीतलं ‘झुकेगा नहीं’ ऐकलं आणि मी म्हणालो, अरे हा आवाज आपल्या माणसाचा आहे. पोरगं म्हणालं, ‘मामा, हिरो तेलुगू हाय.’ म्हटलं, तोंड तेलुगू असंल, आवाज मराठी आहे. चार दिवसांनी तेच पोरगं गाडीत चढताचढता ओरडलं, ‘मामा, श्रेयस तळपदेच हाय!’ चित्र दिसत असतं तर मलाही ते कळलं नसतं. मग मी दाढीकडं आणि त्या वाकड्या खांद्याकडंच बघत बसलो असतो.

आता मत म्हणजे काय, यावर थोडं. सिनेमा कसा होता विचारलं तर माणूस म्हणतो, ‘बरा हाय.’ पोरं म्हणतात, ‘भारी.’ ही मतं नव्हेत, ही पोच आहे. खरं मत तक्रारीसारखं सुरू होतं. रेणापूरचा एक शेतकरी मागच्या सीटवर बसला होता. शेजारणीच्या मोबाइलवर कुठलीशी मालिका चाललेली, त्यात एक शेतकरी म्हणाला, यंदा कापूस पेरायचाय. हा गडी उसळलाच. ‘कापूस पेरतंय का कुणी? सरकी टोबतेत!’ पुढं तासभर त्यानं ती मालिका ऐकली, पण एका वाक्यावरही विश्वास ठेवला नाही. लेखकानं एक क्रियापद चुकवलं आणि हातातलं गिऱ्हाईक गेलं.

बायकांची मतं मला उशिरा ऐकायला मिळाली, आणि त्याला कारण आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी गाडीत बाई चढायची ती कामानं, नाहीतर दवाखान्यात किंवा माहेरी जायला. अर्धं तिकीट झाल्यावर बायका चार-सहा जणी मिळून, कारण नसताना चढायला लागल्या. कारण नसताना म्हणजे आमच्या दृष्टीनं. आणि जूनच्या अखेरीला ‘बाईपण भारी देवा’ लागला. जुलैत लातूरची गाडी बघण्यासारखी असायची. एकसारख्या साड्या, गजरे, मागच्या पाच सीटा एका गटाच्या. मी वेबिल भरता भरता कान मागं ठेवायचो.

येताना भांडण एकच. सहा बहिणींपैकी आपली कोणती? एक म्हणायची मी वंदना गुप्तेवाली, दुसरी म्हणायची तू कसली, तू रोहिणी हट्टंगडी. केदार शिंदेंचा तो सिनेमा मी नंतर घरी पाहिला. मला सरधोपट वाटला. बहिणी भांडणार, स्पर्धेला एकत्र येणार, हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं. हे मी घरी बोललो आणि दोन दिवस भाजीत मीठ कमी होतं. पण गाडीतल्या एका बाईचं म्हणणं मला आजही त्या सिनेमावरचं सगळ्यात चांगलं मत वाटतं. ती म्हणाली, ‘मंगळागौर नाचल्या ते राहू दे. ह्या सहाजणी एवढे दिवस तालमीला जात होत्या, तर घरी सैपाक कोण करू लालतं?’

सिनेमा चांगला की वाईट, याच्याशी त्या प्रश्नाचा संबंध नाही. पण गाडीत पाच मिनिटं कुणी बोललं नाही.

‘पंचायत’ या हिंदी मालिकेबद्दल मात्र मी हक्कानं बोलणार, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली, संपात, सुनेच्या मोबाइलवर. फुलेरा नावाचं उत्तर प्रदेशातलं गाव, त्यात शहरातून आलेला सचिव. तुम्ही पाहिलीच असेल. त्यात तो अभ्यासाला म्हणून चाकाची खुर्ची आणतो, आणि लग्नाला आलेला नवरदेव त्याच खुर्चीसाठी रुसून बसतो. सून हसत होती. मला हसू येईना. मंडळी, एसटीत एका सीटवर लिहिलेलं असतं, ‘वाहकासाठी राखीव’. चौतीस वर्षांत त्या सीटवर मी किती वेळा बसलो असेन? कधी म्हातारं माणूस, कधी लेकुरवाळी, कधी कुणाचा टोपलाभर भाजीपाला. आणि एकदा खरंच नवरदेव, बाशिंगासकट! त्याला उठवणार कोण? खुर्ची दुसऱ्याच्या बुडाखाली गेली की ती मागणारा माणूस कसा हलका दिसतो, ते सचिव झालेल्या त्या जितेंद्रकुमारच्या तोंडावर बरोबर आलंय. रागही नाही, रडूही नाही, नुसतं ‘आता काय करू’.

आणि नीना गुप्तांची मंजूदेवी. प्रधान ती, कारभार नवऱ्याचा. आपल्याकडं ग्रामपंचायतीत बायकांना निम्म्या जागा राखीव आहेत, पण गाडीत ‘मी सरपंच’ म्हणून ज्यांनी ओळख सांगितली ते सगळे मिशीवाले होते. पहिल्या सीझनच्या शेवटी ती बाई झेंडावंदनासाठी राष्ट्रगीत पाठ करते, अडखळते, परत म्हणते. त्यात कुठं भाषण नाही. पुढच्या सीझनमध्ये मात्र आमदार आला, भांडणं आली, चौथ्यात तर निवडणूकच. माझं मत असं, की गावात काही घडत नव्हतं तोवर ती मालिका जिवंत होती.

आता जे सांगायचं म्हणून मी इथं उभा आहे, ते. हिंदीवाल्यांचं गाव ऐकताना मला त्यांची बोली खरी की खोटी, कळत नाही. ती सगळी खरीच वाटते. पण मराठी मालिका ऐकायला लागलो की कान उभे राहतात, कारण मराठी मालिकेत गाव म्हटलं की बोली एकच. कोल्हापूर-साताऱ्याकडची, तीही पातळ केलेली. गाव कुठलंही असो. ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरची होती, तिथं ती बोली शोभली, त्यात वाद नाही. पण त्यातलं ‘चालतंय की’ आमच्या कॉलेजच्या पोरांच्या तोंडात असं बसलं की उतरेना. मी हाफ तिकीट नाकारलं तरी, ‘चालतंय की, मामा.’ आणि आपलं, मराठवाड्याचं? ‘काय करायलास?’, ‘जेवायलोय’, ‘कामून?’, ‘हौ’. निजामाच्या काळापासून आपल्या जिभेवर राहिलेली ती उर्दूची सायही. हे मालिकेत कधी येतं? आलंच तर हसवायला. मकरंद अनासपुरेंनी आपला हेल पडद्यावर नेला, त्याचं मला कौतुक आहे. पण त्यांच्यामागून जे आले त्यांनी ठरवूनच टाकलं, की या हेलात बोलणारा माणूस म्हणजे विनोदी. या हेलात कुणी प्रेम केलेलं, कुणी वारलेलं मी ऐकलेलं नाही. आपल्याकडं माणसं वारत नाहीत काय?

असं होऊ शकत नाही म्हणायची सोय नाही, कारण एकानं करून दाखवलंय. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. एकटा माणूस, बावन्न पात्रं. आमच्या घरी त्याची कॅसेट होती, टेप अडकायला लागला तरी चालू. आता विचार करा, कॅसेटमध्ये दिसतं काय? ना उपरणं, ना हातवारे. तरी म्हातारी बोलली की म्हातारी, पोरगं बोललं की पोरगं. हसून हसून पोट दुखायचं, पण आपण हसायचो ते त्या माणसांच्या तऱ्हेला, त्यांच्या बोलीला नव्हे. बोली तर आपलीच होती. तिला काय हसणार?

शेवटी ‘लापता लेडीज’. किरण राव यांचा, २०२४ चा. दोन नवऱ्या, दोघींचे घुंघट सारखे, रेल्वेत अदलाबदल होते. त्यांनी राज्याचं नावच काल्पनिक ठेवलंय, निर्मल प्रदेश. नसलेल्या राज्याला त्यांनी भाषा दिली, आणि आपले जिल्हे आठ असून आपली ही तऱ्हा! असो. त्यातल्या फौजदाराचं नाव श्याम मनोहर आहे, हे ऐकून मी एकटाच हसलो होतो. वाचनालयात आहोत, इथं कादंबरीकार श्याम मनोहर कुणाला सांगावे लागू नयेत.

हा सिनेमा मी आधी ऐकला, मग पाहिला. रिटायर व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. एक पोरगं मोबाइलवर बघत होतं, शेजारी पंचाहत्तरी ओलांडलेली आजी. तिचं फुकटचं तिकीट. पोराला वाटलं आजी पेंगतीय. पण ती ऐकत होती. रेणापूरला पोरगं उतरलं आणि सिनेमा उतरला त्याच्याबरोबर. आजीनं मला विचारलं, ‘त्या फूलला नवरा गावला का?’ म्हटलं, मला कुठं माहीत, मीही इथंच होतो.

रात्री घरी पूर्ण बघितला. आठ-दहा दिवसांनी आजी परत त्याच गाडीला. मी तिच्या हातात शून्याचं तिकीट दिलं आणि सांगितलं, ‘आजी, गावला नवरा. दोघं घरी गेली.’

‘बरं झालं. अन् ती चहावाली?’

स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई. आपल्या छाया कदम. नवऱ्याला, पोराला घरातून हाकलून एकटी राहणारी. म्हटलं, ‘तिचं काय होणार? ती स्टेशनवरच राहिली.’

आजी खिडकीबाहेर बघत बसली. बर्दापूर मागं पडलं. मग म्हणाली, ‘मग तिचाच करायचा होता की सिनेमा. नवरे काय, गावतेतच.’