आठ बाय आठमधले आजोबा

नमस्कार श्रोतेहो.

आजचं बोलणं ऐकताना जवळ एक पेन्सिल आणि चौकोनांची वही हवी. घरात लहान मूल असेल तर त्याची गणिताची वही मागून घ्या. नसेल तर साध्या कागदावर पट्टीने रेघा मारा, आठ घरं आडवी आणि आठ उभी. एरवी रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही, पण पिक्सेल आर्ट हा चित्रकलेचा असा प्रकार आहे की तो तोंडाने सांगता येतो. कोणतं घर काळं आणि कोणतं कोरं, एवढं कळलं की चित्र तुमच्या कागदावर उतरतं. तुम्ही कागद शोधेपर्यंत मी थोडं बोलून घेतो.

पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा सगळ्यात लहान ठिपका. जुन्या व्हिडिओ गेममध्ये एका पात्राच्या वाट्याला हे ठिपके फार थोडे येत, त्यामुळे चित्रकाराला एकेक ठिपका विचार करून ठेवावा लागे. आज हातातल्या मोबाइलवर लाखो ठिपके असतात, तरीही ही कला नव्याने शिकायला लोक येतात. आमच्या बडोद्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत शाळकरी मुलं आहेत, स्वतःचा गेम करायचा म्हणून आलेले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहेत, आणि नातवंडांसाठी गोष्टींतली पात्रं काढणाऱ्या एक काकूही आहेत. जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच दिवशी भली मोठी चौकट उघडतो आणि एखादा योद्धा काढायला घेतो. चिलखताच्या कड्या, पट्ट्यावरचं नक्षीकाम, डोळ्यांच्या पापण्या. काम संपत नाही, आणि लांबून पाहिलं तर तो योद्धा आहे की झाड तेही कळत नाही. म्हणून मी मोठी चौकट बंद करायला लावतो आणि आठ बाय आठची देतो. पात्राची ओळख त्याच्या बाहेरच्या आकारात असते, आणि ते इतक्या लहान चौकटीतच नीट उमगतं.

कागद मिळाला असेल. आता डावीकडून मोजा.

पहिली ओळ: दोन घरं सोडा, चार काळी करा, दोन सोडा.
दुसरी ओळ: एक सोडा, सहा काळी, एक सोडा.
तिसरी ओळ: आठच्या आठ काळी.
चौथी जरा सावकाश घ्या: एक सोडा, एक काळं, एक सोडा, दोन काळी, एक सोडा, एक काळं, एक सोडा.
पाचवी: एक सोडा, सहा काळी, एक सोडा.
सहावी: एक सोडा, एक काळं, चार सोडा, एक काळं, एक सोडा.
सातवी: दोन सोडा, चार काळी, दोन सोडा.
आठवी ओळ कोरीच राहू द्या.

आता वही हातभर लांब धरा. पगडी घातलेले, पांढऱ्या भरघोस मिश्यांचे एक आजोबा तुमच्याकडे बघत असतील. नाक आपण काढलेलं नाही, कान नाहीत, सुरकुती तर एकही नाही. तरी वय कळतं.

आता खोडरबर घ्या. तिसऱ्या ओळीतलं पहिलं आणि शेवटचं घर पुसा. पगडीचा घेर गेला आणि डोक्यावर नुसते दाट केस राहिले. मग सहाव्या ओळीतली मधली चार कोरी घरं काळी करा. मिश्याही गेल्या. सहा घरं बदलली आणि आजोबांच्या जागी घरातला तरुण मुलगा येऊन बसला. कॅरॅक्टर डिझाइन म्हणतात त्याची सुरुवात इथे होते: कोणतं घर हलवलं की माणूस बदलतो, हे हाताला कळणं.

मोठमोठ्या पात्रांचा जन्म असाच झाला आहे. जपानी गेम-रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी १९८१ साली ‘डाँकी काँग’ या गेमसाठी मारिओ घडवला. एवढ्याशा आकारात केस नीट दिसेनात, म्हणून टोपी आली. तोंड काढायला जागा नव्हती, म्हणून मोठं नाक आणि खाली मिशी. पळताना हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून पट्ट्यांचा कामगारी पोशाख. आज जगभरातली मुलं ज्या टोपी-मिशीवरून त्याला ओळखतात, ती जागेच्या अडचणीतून आलेली आहे. पुढे १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या गेममध्ये त्याच्या वाट्याला तीनच रंग आले, कारण तो गेम ज्या यंत्रावर चाले त्यावर एका स्प्राइटला तीन रंग आणि चौथी पारदर्शक जागा एवढीच मुभा होती. स्प्राइट म्हणजे गेममधलं हलणारं चित्र. तिथे केस, मिशी, सदरा आणि बूट सगळे एकाच तपकिरी रंगाचे आहेत, पण पाहताना ते कुणाच्या मनातही येत नाही. हे मला फार मोठं शिक्षण वाटतं. नव्या माणसाने पहिले काही महिने चार रंगांवरच राहावं, असा माझा आग्रह असतो. १९८९ च्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राकडे तर एकाच रंगाच्या चार छटा होत्या, आणि तेवढ्यांत राजवाडे, जंगलं, राक्षस सगळं उभं राहिलं.

सुझन केअर यांचं नावही तुम्हाला सांगायला हवं. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाची चिन्हं त्यांनी काढली, तीही आधी आलेखाच्या कागदावर, बत्तीस बाय बत्तीस घरांत, फक्त काळ्या-पांढऱ्यात. मोझेक आणि सुईकाम त्यांना आधीपासून परिचयाचं होतं. श्रोतेहो, आपल्याकडे दुसुतीवर फुल्या-फुल्यांचं भरतकाम किती घरांत झालं आहे! मोर, राघू, तुळशीवृंदावन. तिरपी रेघ फुल्यांत बसवताना पायऱ्या कशा पडतात, हे त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या वर्गातल्या काकूंची रेघ मुलांपेक्षा आधी सुधारली, त्याचं कारण मला हेच दिसतं.

त्या रेघेबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण नवख्याचं चित्र तिथेच बिघडतं. तिरपी रेघ काढायची तर पायऱ्या सारख्या हव्यात: दोन घरं, मग दोन, मग दोन. वळण घ्यायचं तर लांबी क्रमाने कमी व्हावी: चार, तीन, दोन, एक. मध्येच तीन, एक, तीन असं झालं की रेघ दातेरी दिसते, आणि पाहणाऱ्याला कारण कळलं नाही तरी खटकतं. सावलीचंही तसंच. पुष्कळ जण आकाराच्या कडेने चहूबाजूंनी गडद रंग लावतात आणि मध्ये उजळ ठेवतात. तसं केलं की सगळं उशीसारखं फुगलेलं दिसतं. आधी उजेड कुठून येतोय ते ठरवा, मग सावली त्याच्या विरुद्ध बाजूला. आणि सावलीचा रंग म्हणजे मूळ रंगात काळा मिसळलेला असं समजू नका. तो थोडा निळ्या-जांभळ्याकडे न्या, उजळ छटा पिवळ्याकडे. पगडीचा लाल लगेच जिवंत होतो.

फोटो बारीक करून त्याचे चौकोन पाडले की झालं पिक्सेल आर्ट, असं काही जण मानतात. मला ते मुळीच मान्य नाही. तिथे एकाही घराचा निर्णय कोणी घेतलेला नसतो, आणि शिकायचा असतो तो निर्णयच.

निर्णय घ्यायचा तर माणसं नीट पाहायला हवीत, आणि त्यासाठी बडोद्यासारखं गाव नाही. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात जा. तिथल्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत. जवळ जाऊन बारकावे बघण्याआधी शक्य तेवढं मागे सरका आणि डोळे किलकिले करा. डोक्यावर काय आहे आणि उभं राहण्याची ढब कशी आहे, एवढ्यावरून कोण कोण ओळखू येतं ते पाहा. संध्याकाळी मांडवीच्या चौकात हाच अभ्यास चालत्या माणसांवर करा. कमानीतून येणाऱ्यांचे चेहरे उजेड पाठीशी असल्यामुळे दिसत नाहीत, आकार मात्र स्पष्ट दिसतात. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, पाठीवर दप्तर असलेला मुलगा, सेव-उसळीच्या गाडीवर वाकलेला माणूस. वहीत प्रत्येकासाठी सोळा बाय सोळा घरं पुरेत, आत रंग न भरता, सगळं काळंच.

चाल शिकायची असेल तर नवरात्रात गरब्याच्या कडेला उभे राहा आणि पायांऐवजी डोक्यांकडे लक्ष द्या. पावलावर वजन आलं की डोकं खाली जातं, दुसरा पाय जवळून पुढे निघाला की वर येतं. चालणारं पात्र काढताना याच चार चित्रांचं चक्र असतं: पाऊल टेकलं, अंग खाली गेलं, पाय एकमेकांजवळून गेले, अंग वर आलं. सोळा घरांच्या पात्राला डोकं एकच घर वर-खाली केलं तरी पुरतं. ते एक घर विसरलात तर पात्र बर्फावरून घसरल्यासारखं सरकतं.

साधनांबद्दल थोडक्यात. पिस्केल हे पिक्सेल आर्ट काढायचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये फुकट चालतं आणि सुरुवातीला तेवढं भरपूर आहे. लिब्रेस्प्राइटही फुकट. एसप्राइट विकत घ्यावं लागतं, पण हात बसल्यावर त्याचा विचार करा, आधी नको. चित्राची फाइल नेहमी पीएनजी प्रकारात ठेवा, कारण जेपीजी प्रकारात कडा मळतात. मोठं करायचं तर पूर्ण पटीत करा, दुप्पट, तिप्पट, चौपट, आणि ‘निअरेस्ट नेबर’ हा पर्याय निवडा, नाहीतर घरांच्या कडा धूसर होतील.

या आठवड्यासाठी काम सांगतो. घरातली तीन माणसं निवडा आणि तिघांना आठ बाय आठमध्ये बसवा, फक्त काळ्या-पांढऱ्यात. अंबाडा, चष्मा, टक्कल, स्कार्फ, जे त्या माणसाचं असेल तेवढंच ठेवा. मग वही घरच्यांसमोर धरा आणि कोण आहे ते त्यांना सांगू द्या. ज्याला ओळखलं नाही, त्याची दोन-तीन घरं हलवा आणि पुन्हा विचारा.

नमस्कार.